व्हर्जिल घ्यावा की ओव्हिड? लॅटिन महाकाव्य मुळातून वाचणाऱ्यांसाठी

लॅटिनचं ग्रामर वर्षभर घासून झालं की युनिव्हर्सिटीत टेक्स्ट निवडायची वेळ येते, आणि महाकाव्यात बहुतेक वेळा दोनच रोमन कवींची नावं समोर असतात, व्हर्जिलचं ‘इनीड’ नाहीतर ओव्हिडचं ‘मेटामॉर्फोसिस’. मी दोन्ही केलीत, ओव्हिड आधी आणि व्हर्जिल नंतर.

वृत्त दोघांचं एकच, हेक्झामीटर. ओळीत सहा गण, गण एकतर गुरू-लघू-लघू नाहीतर गुरू-गुरू, म्हणजे चार मात्रा झाल्या (शेवटच्या गणात थोडी सूट असते). शाळेत संस्कृत होतं त्यांना हे लगेच पकडता येतं, आणि अन्वय लावायची सवय असते ती तर फारच कामाला येते कारण लॅटिनमधे पण विशेषण ओळीच्या सुरुवातीला आणि त्याचं नाम पार शेवटी असं चालतं.

ओव्हिड वेगाने वाचून होतो. १५ पुस्तकं (म्हणजे आपले सर्ग), जवळपास १२,००० ओळी, पण गोष्टी सुट्या सुट्या, एका आठवड्यात एक गोष्ट पूर्ण होते आणि आपण लॅटिन वाचतोय याचा कॉन्फिडन्स येतो. परीक्षेत अनसीन (आधी न वाचलेल्या उताऱ्याचं) भाषांतर असेल तर याचा खूप फायदा. आणि मजा काय आहे बघा, सहाव्या पुस्तकात लॅटोना देवीला पाणी पिऊ न देणाऱ्या गावकऱ्यांचे बेडूक होतात, तिथली ओळ आहे ‘क्वाम्विस सिन्त सुब आक्वा, सुब आक्वा मालेदिकेरे तेम्प्तान्त’, पाण्याखाली गेले तरी पाण्याखालून शिव्या द्यायला बघतात. मोठ्याने म्हणून बघा, सुब आक्वा सुब आक्वा, बेडूकच ओरडतोय. इंग्लिश अनुवादात अर्थ येतो, हा आवाज नाही येत.

व्हर्जिलला वेळ लागतो. १२ पुस्तकं, दहा हजाराच्या आतच ओळी, शब्द बरेचदा साधे पण बांधणी इतकी घट्ट की मला सुरुवातीला तासाला वीस ओळी पण होत नव्हत्या. पण आठव्या पुस्तकात सायक्लॉप्स (एकडोळे राक्षस, देवांचे लोहार) घण उचलतात तिथे ‘इल्ली इन्तेर सेसे मुल्ता वी’, पहिले चारही गण गुरू-गुरू, जीभ जड होते, घणाचं वजन जाणवतं. त्याच पुस्तकात पुढे घोडे धावतात तर ‘क्वाद्रुपेदान्ते पुत्रेम सोनितू’, गुरू-लघू-लघू, टापाच ऐकू येतात.

आणि अर्धवट ओळी. व्हर्जिल इसवी सन पूर्व १९ मधे गेला तेव्हा काव्य पुरं झालेलं नव्हतं, पन्नासच्या वर ओळी मधेच तुटलेल्या आहेत. चौथ्या पुस्तकात काव्याचा नायक इनिअस त्याच्यावर प्रेम करणाऱ्या कार्थेजच्या राणीला, डायडोला, सोडून निघालाय, तिला समजावतोय, आणि बोलणं संपतं ‘इतालियाम नोन स्पोन्ते सेक्वोर’ वर, इटलीला मी माझ्या मर्जीने जात नाहीये. ओळ तिथेच थांबते, पुढे काही नाही. कवीला ती पुरी करायची होती की नाही देव जाणे, पण मला त्या रिकाम्या जागेपाशी दर वेळी थांबावं लागतं.

तर संस्कृत झालंय, हळू वाचायचा कंटाळा नाही आणि हातात पूर्ण वर्ष आहे तर सरळ व्हर्जिल घ्या. लॅटिन युनिव्हर्सिटीतच पहिल्यांदा शिकलात आणि एकाच सेमिस्टरमधे पेपर आहे तर ओव्हिड, यात कमीपणा काही नाही, त्याने वाचनाचा स्पीड येतो तो नंतर व्हर्जिलला उपयोगी पडतो, माझं तसंच झालं. लुकन हा कवी पण कुठे कुठे अभ्यासाला असतो, रोमन सम्राट नीरोच्या हुकुमावरून इ.स. ६५ मधे पंचविशीतच जीव द्यावा लागला तो, यादवी युद्धावरचं त्याचं काव्य जबरदस्त आहे पण पहिलं म्हणून नको, फार अवघड जातं.

व्हर्जिलमधे पुस्तक निवडायला दिलं तर लोक पाताळाच्या ओढीने सहावं घेतात, त्यात इनिअस मेलेल्यांच्या जगात जातो. तिथे इनिअसला डायडो परत भेटते, तो रडत रडत बोलतो आणि ती एक शब्दही न बोलता आपल्या आधीच वारलेल्या पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते. चौथ्यात ती किती बोलली होती ते लॅटिनमधे वाचलेलं असेल तरच हे न बोलणं अंगावर येतं, म्हणून चौथं आधी घ्या.