पोटाची लोंबती कातडी ठेवायची की काढायची? एका घरातल्या दोन जावांचा हिशोब

परकराची नाडी जिथं बसते, नेमकी तिथंच पोटाची घडी पडते. माझं वजन ९८ किलोंवरून ६१वर आलं, त्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलात त्या घडीखाली वीतभर लाल पट्टा उठला. घाम, नाडीचा काच आणि आतली ओल. बाहेर बायका विचारत होत्या, ‘लई हडकलीस माय, शुगर निघाली का?’ आणि आत माझी आग होत होती.

डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या मेडिकल कॉलेजात होते, त्यामुळे दोन वेळा जेवण आणि ४५ मिनिटं चालणं आमच्याकडे गल्लोगल्ली पोचलं. मी त्याच वाटेनं उतरले. धाकट्या जावेनं पोटाचं बॅरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं) ऑपरेशन केलं, ती ११२वरून ६८वर आली. पुढं मी कातडी ठेवली, तिनं काढून घेतली. या गोष्टीला तीन वर्षं झाली. ज्यांचं ठरत नाही त्यांच्यासाठी दोन्ही बाजू मांडते.

आधी मधल्या वाटा बाजूला काढू. कातडीत कोलॅजन आणि इलॅस्टिन असे धागे असतात. वर्षानुवर्षं ताण बसला की ते तुटतात, आणि मोठ्या वयात इलॅस्टिन नव्यानं फारसं तयार होत नाही. म्हणून लोंबणारं पोट कुठल्याही क्रीमनं, तेलानं वर जात नाही. त्यात पैसा घालू नका. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या (कातडीला आतून शेक देणाऱ्या) मशीनचा थोडाफार उपयोग होतो, पण सैलपणा अगदी कमी असेल तरच. लायपोसक्शननं चरबी निघते, कातडी तिथंच राहते, उलट अजून सैल दिसू शकते. व्यायामानं दंड-मांड्यांत स्नायू भरतो आणि तिथं फरक दिसतो. पोटाच्या घडीला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता ठेवायची बाजू. खर्च जवळपास नाही, पण काम रोजचं आणि कायमचं. सकाळ-संध्याकाळ घडी धुवायची, घासायची नाही, टिपून कोरडी करायची. आत मऊ सुती कापड ठेवायचं. मी जुन्या धोतराचे तुकडे करून ठेवलेत, दिवसाला तीन लागतात. ज्या लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं ‘दिवसातून दोनदा धुवा’ हे सांगायला सोपं आहे. आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं. टंचाईत मी आख्खी अंघोळ सोडते, पण तांब्याभर पाणी घडीसाठी राखून ठेवते.

नाडीचा परकर मी सोडला. साडीखाली घालायचा शेपवेअर परकर आता तालुक्याच्या दुकानातही मिळतो. तो घडीला वर धरतो आणि काच पडत नाही. मात्र नायलॉनचा नको, सुती-लायक्राचाच घ्या, नाहीतर मे महिन्यात ४२ अंशांत त्याचाच त्रास होतो. ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत शिवून घेतली की दंडाचा प्रश्न निम्मा मिटतो.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. खाज सुटली म्हणून मेडिकलवरून विचारून मलम आणलं. चार दिवसांत थंड पडलं, महिन्यानं दुप्पट होऊन मांडीपर्यंत पसरलं. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेलं होतं. अशा मलमानं खाज दबते आणि नायटा आतल्या आत वाढतो. कातडीच्या डॉक्टरांनी ते बंद करून साधं बुरशीचं औषध दिलं, पण बरं व्हायला अडीच महिने गेले.

काढायच्या बाजूला दोन ऑपरेशनं आहेत, त्यांची गल्लत करू नका. पॅनिक्युलेक्टोमीत फक्त लोंबता पदर काढतात. टमी टकमध्ये कातडी काढून आतले सैल पडलेले स्नायूही शिवून घट्ट करतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. दिसायला दुसरं चांगलं, पण तेच मोठं आणि महागही. दोन्हींत एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत व्रण राहतो. तो फिका पडतो, जात नाही. सावळ्या कातडीवर काही जणींचा जाड आणि काळसर होतो.

वजन किमान सहा महिने स्थिर हवं. बॅरिअ‍ॅट्रिक झालं असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. पुढं मूल हवं असेल तर ते आधी होऊ द्या, नाहीतर घट्ट केलेलं पुन्हा ताणतं. हिमोग्लोबिन, बी-१२, प्रोटीन, शुगर हे सगळं तपासतात, कारण कमी जेवणाऱ्या बाईची जखम भरत नाही. जावेला आधी तीन महिने रोज अंडी, दही आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या.

तिनं सोयाबीनची पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) आली तेव्हा, दिवाळी झाल्यावर ऑपरेशन केलं. हे फार बरं झालं, कारण पुढं सहा आठवडे पोटाला घट्ट पट्टा असतो आणि तो आपल्या उन्हाळ्यात सोसवत नाही. पहिला आठवडा ती म्हातारीसारखी वाकून चालायची, सरळ झालं की टाके ओढायचे. पोटातून नळी बाहेर काढलेली होती आणि टोकाला रबराचा फुगा. त्यात साचलेलं लालसर पाणी सकाळ-संध्याकाळ मापायचं आणि वहीत लिहायचं, हे काम माझ्याकडं होतं. आधी ९०, मग ७०, मग ४० मिली. ते बऱ्यापैकी कमी झाल्यावरच नळी काढली. सहा आठवडे घागर नाही, पोराला कडेवर घेणं नाही. घरात हाताखाली माणूस नसेल तर या ऑपरेशनचा विचारच करू नका, असं मी स्पष्ट सांगते.

आणि मिश्री. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का? ती नाही म्हणाली. मिश्री ही तंबाखूच आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही, ऑपरेशनला निघायच्या दिवशी सकाळीही तिनं लावली होती. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेच्या कडांना रक्त कमी पोचतं. बाराव्या दिवशी मधोमध दोन बोटं जखम उसवली. मिश्रीमुळंच असं छातीठोक कुणी सांगितलं नाही, पण डॉक्टरांनी ते ऐकलं तेव्हा डोक्याला हात लावला. तीन आठवडे रोज ड्रेसिंग झालं. मिश्री, गुटखा, विडी, सगळं किमान चार आठवडे आधी बंद करा आणि डॉक्टरांपुढं लपवू नका. बाकी धोकेही खरे आहेत: आत पाणी साचणं, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी. बेंबीखालचा भाग तिला अजून बधिर लागतो.

खर्च प्रवास, औषधं, पट्टा धरून दोन लाखांच्या वर गेला. विमा सहसा दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला पैसे देत नाही. तब्येतीला थेट धोका असल्याने उपचार म्हणून गरज आहे, असं कागदावर दाखवता आलं तरच काही आशा. म्हणून पुरळाचे फोटो, कातडीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं तारखेसकट जपून ठेवा.

मनाचं सांगायचं तर इथं दोन्ही बाजू जवळपास सारख्या निघाल्या, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. जावेचं पोट सपाट झालं, पण एसटीत चढली की ती अजून दोघांची मोकळी सीट शोधते. आरशात आता तिची नजर दंडावर जाते. ‘अक्का, पोट गेलं पण मी जाडीच वाटते हो मला,’ असं ती एकदा भाकरी थापताना म्हणाली. मी उघड्या अंगानं आरशापुढं उभं राहायला दोन वर्षं घेतली, आता राहते. शरीर बदलल्यावर मनातलं जुनं माप बदलायला वेळ लागतो, आणि ते काम सर्जनच्या हातात नाही. नवऱ्याजवळ जायची लाज, जेवणाची भीती, जेवून उलटी काढणं असं काही होत असेल तर ऑपरेशनाआधी मनाच्या डॉक्टरांकडं जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुरुषांनाही हे लागू आहे. छातीची कातडी लोंबते म्हणून हळदीला शर्ट न काढणारा एक मुलगा आमच्याच घरात आहे.

माझं मत असं. नीट काळजी आणि औषध घेऊनही तीन महिने पुरळ जात नसेल, जखमा होत असतील, चालता-वाकताना अडत असेल, तर काढा. त्यात मिरवण्याचं काही नाही, तो उपचार आहे, आणि लोक काय म्हणतील म्हणून थांबू नका. जावेला त्यानंतर एकदाही पुरळ आलेलं नाही. त्रास फक्त नजरेला असेल तर आणखी एक उन्हाळा काढून बघा. केवळ दंडासाठी मी नकोच म्हणेन, काखेपासून कोपरापर्यंतचा व्रण बाहीखाली लपवावाच लागतो.

सर्जनकडं प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डी.आर.एन.बी.) ही पदवी आहे ना, हे विचारा. त्यांच्याच पेशंटचे वर्षानंतरच्या व्रणाचे फोटो मागा. जावेकडं तर आता गल्लीतल्या बायका विचारायला येतात. ती पोट दाखवत नाही, आधी ती नळीच्या पाण्याची वही काढून त्यांच्या हातात देते.