हेगचं ‘आवाज’वाल्यांचं संमेलन : जाण्यासारखं आहे का?

ओळखीत कुणाच्या घरी ‘तसलं’ काही निघालं की माझा फोन वाजतो. आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं, मग आवाज खाली आणून, “तू त्या कसल्याशा कॉन्फरन्सला गेली होतीस ना गं? जावं का आम्ही?” प्रत्येकाला तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

ती कॉन्फरन्स म्हणजे वर्ल्ड हिअरिंग व्हॉइसेस काँग्रेस. दुसऱ्या कुणाला ऐकू न येणारे आवाज ज्यांना ऐकू येतात, त्यांच्या स्वमदत गटांचं जागतिक संमेलन. गाव बदलत राहतं. २०१७ ला बोस्टन होतं, २०१९ ला माँट्रियल. मी गेले ते सप्टेंबर २०१८ चं, दहावं, नेदरलँड्समध्ये हेगला. तेव्हा आम्ही ॲमस्टलव्हेनला राहायचो, त्यामुळे मला खर्च आला तो नावनोंदणीचा आणि ट्रेनच्या तिकिटाचा. डबा घरून. तीन दिवस दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, वर दुकानातलं डच ताक. मीठ घातलं की अगदी आपल्यासारखं लागतं.

माझ्या दादाला एकविसाव्या वर्षापासून आवाज येतात. निदान स्किझोफ्रेनिया, गोळ्या चालू, मुक्काम सांगलीत आईजवळ. अगदी सुरुवातीच्या एका डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं की आवाजांविषयी त्याच्याशी बोलू नका, खतपाणी मिळतं. आम्ही ते अकरा वर्षं पाळलं. गोळी घेतलीस का, झोप लागली का, पोट साफ झालं का, सगळं विचारलं. आवाज काय म्हणतात हे तेवढं नाही.

तर पहिला दिवस. शेजारी साठीच्या पुढची एक बाई, गळ्यात मण्यांची माळ, हातात विणकाम. मी अदबीनं विचारलं, तुम्ही डॉक्टर का? म्हणाली, छे, माझ्याकडे तिघं आहेत. हे तिनं आपण भाडेकरूंविषयी बोलतो त्या सुरात सांगितलं. एक कटकट्या आहे, एक लहान मुलगी आहे, तिसरा हल्ली फारसा बोलत नाही. सुया चालूच. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, तिनंच मला पेपरमिंट दिलं.

हे सगळं सुरू झालं तेही नेदरलँड्समध्येच. मारियस रोम हे मनोविकारतज्ज्ञ आणि पॅट्सी हेग ही त्यांची पेशंट. तिनं त्यांना धरलंच होतं म्हणे, की न दिसणारा देव तुम्हाला चालतो, मग मला धडधडीत ऐकू येणारे आवाज का चालत नाहीत? १९८७ मध्ये दोघं डच टीव्हीवर आले आणि कुणाला असे आवाज येत असतील तर कळवा म्हणाले. आवाज ऐकणाऱ्या साडेचारशेच्या आसपास लोकांनी संपर्क केला. त्यातले दीडशेएक जण म्हणत होते, येतात आवाज, पण आमचं चाललंय बरं. डॉक्टरांनाही हे नवीन होतं, कारण ज्यांचं बरं चाललंय ते दवाखान्यात येतात कशाला? मग अशा लोकांना उट्रेख्टला एकत्र बोलावलं. तिथून गट निघाले, पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये, मग देशोदेशी. रोम आणि सँड्रा एशर यांनी एक लांबलचक प्रश्नावलीही केली. आवाज कुणाचा, वय काय, पहिल्यांदा आला तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं, कशानं वाढतो, म्हणतो काय.

भाषणं मी निम्मीच ऐकली. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीच्या एका खेळासाठी माझे पैसे वसूल झाले. या गटांत हा खेळ बऱ्याच ठिकाणी करतात. समोरचा माणूस तुमची मुलाखत घेतो, साधेच प्रश्न, आणि तिसरा माणूस मागे बसून कागदाच्या सुरळीतून तुमच्या कानात सतत बोलत राहतो. माझ्या मागे एक स्कॉटिश मुलगी होती. तिचं इंग्रजी मला समोर उभी राहून बोलली तरी कळत नव्हतं, कानात काय कळणार! मी आरामात उत्तरं देत होते. मग डोक्यात आलं, दादाचे आवाज काही इंग्रजीत बोलत नसणार. मी तिला कागदावर रोमन लिपीत दोन वाक्यं लिहून दिली. ‘तुला जमणार नाही’ आणि ‘सगळे बघतायत’. तिनं ती इतकी वेडीवाकडी म्हटली की पहिल्यांदा हसू फुटलं. चौथ्या-पाचव्यांदा नाही फुटलं. समोरच्यानं विचारलं, सकाळी काय खाल्लंस? मला दशमी आठवेना.

आता जे पटलं नाही ते. चहाच्या वेळी एकजण मोठ्या अभिमानानं सांगत होता, मी गोळ्या केराच्या टोपलीत टाकल्या. या गटांचं म्हणणं तसं नाही. गोळी घ्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं आणि आवाजांचा अर्थही ज्याचा त्यानं लावावा, एवढंच ते म्हणतात. पण दादानं एकदा मनानं गोळ्या बंद केल्या होत्या आणि पाचव्या आठवड्यात आम्ही त्याला मिरज स्टेशनवरून आणला, दोन दिवसांचा उपाशी. त्यामुळे पेशंटला घेऊन जाणार असाल तर हा विषय आधी डॉक्टरांशी बोलून जा. माझ्या पोटात गोळा आला तो आलाच.

महाराष्ट्रातून मुद्दाम विमानाचं तिकीट काढून जावं का? मी म्हणेन, आधी पुणं गाठा. तिथं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींनी ती काढली, स्वतःच्या घरात आजार पाहून. त्यांचे गट चालतात, घरच्यांसाठीही, आणि मराठीत. परदेशात असाल आणि संमेलन जवळपास भरत असेल तर मात्र चुकवू नका. इंग्रजी बेताचं असलं तरी चालतं.

संमेलनानंतरच्या रविवारी दादाला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग विचारलं, “दादा, ते आवाज काय म्हणतात रे?” मला वाटलं, फोन ठेवेल. तर तो म्हणाला, “कुणाचं सांगू? सकाळचा का रात्रीची?”

सकाळी येतात ते शाळेतले पीटीचे सर, शिव्या घालतात. रात्री एक बाई येते. ती फक्त जेवलास का विचारते. कितीतरी वर्षं तो रात्री ओट्यापाशी उभा राहून मोठ्यानं “हो, जेवलो” म्हणायचा, आणि आई नि मी एकमेकींकडे बघायचो.

आता सांगलीला गेले की झोपायच्या आधी मी विचारते, “आल्या का बाई?” कधी म्हणतो, आल्या. कधी म्हणतो, आज नाही अजून.