नुसता गॅस टॉप-अप की लीक काढून पूर्ण रिचार्ज?

जुन्या गाडीचा एसी गार करेना की आपण म्हणतो गॅस भरून घेऊ, झटपट होतं, स्वस्तही पडतं, पण सिस्टीम सीलबंद असते हो, गॅस कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोयच आणि भरलेलाही जाणारच. शिवाय आत किती शिल्लक आहे कळत नाही, जास्त झाला तर कूलिंग उलट कमी.

दुसरं काम वेळखाऊ. पाइपच्या जॉइंटवर तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसली की बहुतेक तिथलीच ओ-रिंग (जॉइंट सील करणारी रबरी रिंग) गेलेली असते, ती बदलून, व्हॅक्यूम लावून आतली ओल काढायची आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर असेल तोच गॅस तेवढ्याच वजनाने भरायचा. मी तर हेच करा म्हणेन, कारण गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, गळतीतून तेही जातं आणि ते कमी पडलं की कॉम्प्रेसरच जॅम.