आधी थर्मोस्टॅट बदलायचा का रेडिएटर उतरवायचा?

जुनी गाडी मधूनच तापते, काटा वर जातो न परत खाली येतो, म्हणून बरेच जण या दोन्हींत अडकतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) अडवणारा व्हॉल्व्ह, न रेडिएटर म्हणजे ते कुलंट गार करणारी पुढची जाळी. आधी बघा तापते कुठं. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गर्दीत तापून, पळायला लागली की काटा उतरत असेल तर दोन्ही राहू द्या, फॅन बघा.

खर्चात थर्मोस्टॅट स्वस्त, कामही थोडक्यात उरकतं. रेडिएटर उतरवायचा म्हणजे दिवस गेला, आणि पितळी असेल तर रॉड मारून साफ होतो पण प्लॅस्टिक टाकीचा अ‍ॅल्युमिनियमवाला चोंदला की बहुतेक नवाच घ्यावा लागतो. काही मेस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकू म्हणतात, ऐकू नका, इंजिन नीट गरम होत नाही न पेट्रोल-डिझेल जास्त खातं.

काटा कधीही, अगदी थंडीत सपाट रस्त्यालाही चढतो आणि रेडिएटरकडं जाणारा वरचा होज (रबरी पाइप) गारच, तर थर्मोस्टॅट. यवतेश्वरचा घाट चढताना किंवा लोडवरच तापते तर रेडिएटर. कुलंट रोज कमी होतंय न गळती दिसत नाही, तर दोन्ही सोडून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) तपासा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गार झाल्यावरच उघडा.