तालुक्याचं वाचनालय: कपाटात माल हाय, पंखा बेकार

कापसाच्या जिनिंगवर गाडीचा नंबर लागेपर्यंत मी वाचनालयात बसतो, फी नाममात्र, पंखा नुसता आवाज करते, पण जुन्या कपाटात माल हाय बाप्पा. तिथंच जपानच्या समाजवादी पक्षाचा सरचिटणीस साबुरो एदाबद्दल वाचलं. १९६० मध्ये त्याच पक्षाचा अध्यक्ष असानुमाचा भर मंचावर खून झाला अन् धुरा काही दिवस एदाकडं आली. १९६२ ले गड्यानं सांगतलं, अमेरिकेसारखं राहणीमान, रशियासारखी सामाजिक सुरक्षा, ब्रिटनसारखी संसदीय लोकशाही अन् जपानची शांततेची राज्यघटना, हे घेऊन चला. पक्षातल्याच कट्टर डाव्यायनं हाणून पाडलं, सरचिटणीसपद गेलं, १९७७ ले पक्ष सोडला अन् त्याच वर्षी वारला. आपल्याच माणसाचे पाय ओढाची सवय तिकडंही हाय म्हणा. ग्रंथपाल काकू पुस्तक घरी नेऊ देतात, फक्त दुपारी कुलूप राहते, पाहून जा.