एपीपीची तिकडी की एक्स्पांडेबल ग्राफाइट?

पॉलिप्रॉपिलीन किंवा पेंटसाठी फुगणारं अग्निरोधक (आगीत फुगून संरक्षक थर करणारं) निवडायचं म्हटलं की गाडी बहुतेकदा दोन नावांपाशी येऊन थांबते: अमोनियम पॉलिफॉस्फेट (एपीपी), पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन ही तिकडी, नाहीतर एक्स्पांडेबल ग्राफाइट. तिकडीत एपीपीपासून आम्ल सुटतं, ते पेंटाएरिथ्रिटॉलचा कोळसा करतं आणि मेलामाइनचे वायू तो चिकट रस फुगवतात. ग्राफाइटमध्ये पापुद्र्यांत कोंडलेल्या सल्फ्युरिक आम्लापासून 200 अंशांच्या आसपास वायू सुटतात आणि एकेक पापुद्रा अळीसारखा लांबतो.

कागदावर ग्राफाइट उजवं दिसतं. ते पाण्यात विरघळत नाही, धूरही कमी करतं. काळा रंग चालणार असेल तर पॉलियुरेथेन फोमसाठी खुशाल घ्यावं.

अडचण येते ती एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात. पापुद्रा जितका मोठा तितका फुगवटा जास्त. 50 मेशचा (मेश म्हणजे चाळणीचा नंबर) पापुद्रा साधारण 0.3 मिलिमीटरचा. ट्विन स्क्रूच्या नीडिंग ब्लॉकमध्ये (माल मळणाऱ्या भागात) त्याचा चुरा होतो आणि मग उरतो जवळपास साधा काळा फिलर (नुसती भर). म्हणूनच हलक्या हाताने मिसळलेली चाचणीची पट्टी पास होते आणि त्याच फॉर्म्युल्याची उत्पादनातली बॅच नापास. ग्राफाइट साइड फीडरने (यंत्राच्या बाजूच्या तोंडातून) अगदी शेवटी टाका, स्क्रूचा वेग उतरवा. फरक पडतो, पण मग मिसळण कच्चं राहतं. त्यातून जे पापुद्रे वाचतात ते मोल्डच्या अरुंद गेटमध्ये (माल साच्यात शिरतो त्या तोंडात) मोडतात. शिवाय जळताना या अळ्या एकमेकींना धरून राहत नाहीत, ज्वाळेच्या झोताने उडतात. त्यांना बांधायला थोडं एपीपी घालावं लागतं, म्हणजे फिरून तिथेच!

एपीपीचं दुखणं पाण्याचं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये एकूण 25 ते 30 टक्के माल जातो, एपीपी आणि पेंटाएरिथ्रिटॉल साधारण 3:1. एक्स्ट्रूडरमधून निघणारे दोरे (स्ट्रँड) पाण्याच्या टबातून नेले की दाण्यांत ओल राहते आणि मोल्डिंगवर चंदेरी रेघा उमटतात. दमट हवेत भाग बुळबुळीत होतो. बहुधा पेंटाएरिथ्रिटॉलच विरघळून वर येतं. यावर मात्र इलाज आहे: फेज 2 चं (कमी विरघळणाऱ्या स्फटिकरूपाचं) लेपित एपीपी, पेंटाएरिथ्रिटॉलऐवजी डायपेंटाएरिथ्रिटॉल, आणि स्ट्रँड हवेवर थंड करणं. बॅरल (एक्स्ट्रूडरची तापवलेली नळी) 220 अंशांच्या खाली ठेवावं. अमोनियाचा वास आला तर तापमान आधीच जास्त झालंय असं समजावं.

स्टीलवरच्या पेंटमध्ये तिकडीकडे आमचा कौल आणखी स्पष्ट आहे. तिकडीला हवा तो रंग देता येतो आणि टायटॅनियम डायऑक्साइड फॉस्फेटशी मिळून फुगलेला थर घट्ट करतो. ग्राफाइटचे पापुद्रे एअरलेस स्प्रेची गाळणी आणि नॉझल तुंबवतात. उघड्यावर तिकडीला टॉपकोट हवाच, नाहीतर पावसात एपीपी धुपून जातं.

लेपित ग्रेडही सगळे सारखे नसतात. नमुने 70 अंशांच्या पाण्यात 7 दिवस बुडवून, वाळवून, मगच जाळून पाहावेत.