एप्टेशियाने व्यापलेली छोटी रीफ टाकी: पेपरमिंट कोळंबी की बर्घिया?

खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत एप्टेशिया (कोरलला डंख मारणारा, भराभर पसरणारा छोटा सी ॲनिमोन) हाताबाहेर गेला, की उपायांची यादी भराभर आखडते. एप्टेशिया खाणाऱ्या कॉपरबँड बटरफ्लाय माशाला 15 गॅलनमध्ये (साधारण 57 लिटर) जागा नाही. फाइलफिश एप्टेशिया खातो, पण एप्टेशिया संपल्यावर कोरलला (प्रवाळाला) तोंड लावणार नाही याची हमी कोणी देत नाही. सगळे दगड ब्लीचमध्ये घालून टाकी नव्याने लावावी, तर ज्या कोरल्ससाठी हा खटाटोप चाललाय ती तोवर ठेवायची कुठे? उरतात दोनच जीव: पेपरमिंट कोळंबी आणि बर्घिया ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय. मी दोन्ही ठेवल्या आहेत, पण एकीनंतर दुसरी. कोळंबी बर्घियालाच खाऊन टाकते, त्यामुळे आधी कोण आणायची हे खरोखर ठरवावं लागतं.

सिरिंजबद्दल थोडक्यात. दोन-चारच एप्टेशिया असतील आणि सुई त्यांच्या तोंडापर्यंत पोहोचत असेल, तर चुन्याची दाट पेस्ट किंवा एप्टेशिया-एक्स हे तयार औषध पुरतं. तेवढा वेळ पंप बंद ठेवा. मात्र सुई जवळ आली की एप्टेशिया भोकात आक्रसून जातो, आणि तळव्याचा कणभर तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा उगवतो. शिवाय 57 लिटर पाण्यात एका वेळी जास्त चुना गेला, तर पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही चढतात. आधीच डंख खाऊन बसलेल्या कोरल्सना तो धक्का नको असतो.

माझ्या टाकीची तीच अवस्था होती. कँडी केन या कठीण कोरलच्या कडेचं मांस मागे हटून पांढरा सांगाडा दिसायला लागला होता, मायक्रोमुसा हे दुसरं कोरल रात्रीसुद्धा फुगत नव्हतं. कीड घालवायची आणि त्याच दिवसांत कोरलला भरवून उभंही करायचं, अशी दोन कामं एकाच पाण्यात होती. तुमचंही तसंच असेल, तर पुढचं जास्त लागू पडेल. (मी न्यू जर्सीत राहतो. भारतात रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल्स वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती समुद्रातून काढणं किंवा विकणं गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी हे आधी लक्षात घ्यावं.)

पेपरमिंटच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. स्वस्त आहे, जवळच्या दुकानात मिळते, आणि भूक लागली की लहान एप्टेशिया फस्त करते. घेताना नीट बघून घ्या: पेपरमिंटचं अंग जवळपास पारदर्शक असतं आणि त्यावर लाल रेघा असतात. लाल अंगावर ठळक पांढरे पट्टे-ठिपके आणि पाठीला पोक दिसलं तर ती कॅमल श्रिंप, आणि ती झोअँथिड (बटणांसारखे मऊ पॉलिप) व मश्रूम कोरल खाते. मोठ्या एप्टेशियाच्या वाटेला पेपरमिंट सहसा जात नाही. काही तर लहानांनाही शिवत नाहीत, पण ते नशिबावर सोडता येईल.

माझं मत फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. कँडी केनला मी दिवे मालवल्यावर भरवतो. पंप बंद करायचे, शुंडकं बाहेर येईपर्यंत थांबायचं आणि पिपेटने एकेका तोंडावर एकेक मायसिस (कोळंबीसारखा इवला जीव) ठेवायचा. कोरल सावकाश गिळतं. शुंडकं आत वळतात, तोंडाची फट हळूहळू उघडते, मायसिस अर्धा आत जातो. तेवढ्यात खालच्या दगडाआडून आधी लांब मिशा दिसतात, मग कोळंबी कोरलवर चढते, पुढच्या बारीक चिमट्यांनी फटीत चाचपते आणि अर्धवट गिळलेला घास बाहेर ओढून घेऊन जाते. मांस जिथे सर्वांत पातळ झालंय नेमके तिथेच तिचे पाय रोवलेले. पिपेटने हाकललं की शेजारच्या तोंडावर जाते.

तिला आधी खायला घालून पाहिलं. ती कोरल सोडते, पण एप्टेशियाही सोडते. कापलेल्या बाटलीचं झाकण कोरलवर ठेवून भरवलं, त्याने काम भागतं, पण रोज रात्री हात टाकीत घालावा लागतो. गुंता असा की तिने एप्टेशिया खावा म्हणून उपाशी ठेवावं, तर ती कोरलचा घास काढते, आणि पोटभर दिलं तर जिच्यासाठी आणली तेच काम राहून जातं. धडधाकट टाकीत हे चालून जाईल. सांगाडा उघडा पडलेल्या कोरलला एकेक घास महत्त्वाचा असतो.

बर्घिया एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. मायसिस समोरून गेला तरी ती ढिम्म. एप्टेशियाच्या डंखपेशी ती न फोडता गिळते आणि पाठीवरच्या बोटांत स्वतःच्या बचावासाठी साठवते. रात्री लाल टॉर्चने पाहिलं तर दिसतं: ती पाठीवरची बोटं फिस्कारून पुढे करते, डोकं एप्टेशियाच्या देठाशी नेते आणि खालून खायला लागते. कधी कधी एकाच एप्टेशियाला तिघी-चौघी भिडलेल्या असतात.

तिचे तोटेही आहेत. एक नग इकडे साधारण 15 ते 25 डॉलरला पडतो आणि एकटी आणून भागत नाही, कारण अंड्यांसाठी निदान जोडी हवी. पाण्यात सोडल्यावर ती गायब होते आणि पहिले काही आठवडे पैसे वाया गेले असंच वाटत राहतं. मग एके दिवशी काचेवर जिलबीसारखी पांढरी वेटोळी दिसतात. ती तिची अंडी. साधारण दीड-दोन आठवड्यांत ती फुटतात आणि सुई जिथे कधीच पोहोचली नसती अशा फटींत पिल्लं शिरतात. खरं काम ही दुसरी पिढी करते, असं मला तरी वाटतं. पंपाच्या तोंडाला स्पंज लावायला विसरू नका, आणि सोडताना प्रवाहात न सोडता रात्री दगडाच्या पायथ्याशी, एप्टेशियाजवळ ठेवा.

या सगळ्या काळात कँडी केनचं खाणं निर्वेध चाललं, आणि टाकी सावरली ती त्यामुळेच असं माझं मत आहे. बाकी मी वेगळं काही केलं नाही: आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं, पाण्याचा खारटपणा 1.025 विशिष्ट गुरुत्वावर आणि अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएचमध्ये (अल्कलिनिटीचं एकक) स्थिर ठेवली. सांगाड्यावर आधी काचेसारखा पातळ पापुद्रा चढला, मग त्यात हिरवा रंग भरत गेला. मायक्रोमुसाला जास्त वेळ लागला. एप्टेशिया संपला की बर्घिया उपाशी मरतात, म्हणून शेवटचे काही एप्टेशिया उरले असतानाच त्या गरजू टाकीवाल्याला देऊन टाकाव्यात. मी तसंच केलं. आता नवं फ्रॅग (कोरलचा तुकडा) आणलं की ते ज्यावर चिकटवलेलं असतं तो प्लग तोडून फेकतो, कारण डिपने (औषधी द्रावणात बुडवून) एप्टेशिया भरवशाने मरत नाही.

तुमच्याकडे सिक्सलाइन रास मासा असेल आणि तो काढायचा नसेल, तर बर्घियाचा विचार सोडा, तो त्यांना टिपून खाईल. तिथे पेपरमिंटच बरी. टाकीत नुसते झोअँथिड असतील, कोणाला हाताने भरवायचं नसेल आणि एप्टेशिया अजून लहान असेल, तरी पेपरमिंट आणायला माझी हरकत नाही. पण कठीण कोरल जखमी असेल, तर जास्तीचे पैसे बर्घियावर घालावेत आणि दोन-तीन महिने धीर धरावा. कोळंबी आधीपासून टाकीत असेल, तर ती पहिल्यांदा बाहेर काढा: बाटलीचं तोंड कापून उलटं बसवायचं, आत मायसिस टाकायचा आणि रात्रभर दगडांजवळ आडवी ठेवायची. सगळ्या कोळंब्या हाती लागल्या की मगच बर्घियाची ऑर्डर द्या.